शिकार आणि मासेमारीसाठी हातातला जीपीएस कसा निवडायचा

हातात धरायचा जीपीएस घ्यायचा विचार करताय आणि तो रानात शिकारीला किंवा पाण्यावर गळ टाकायला जाताना वापरणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. जाताना आपण ताजेतवाने असतो, उजेड असतो, वाट सोपी वाटते. जीपीएस लागतो तो परत येताना, अंधार पडत आलेला, हात गारठलेले, पाठीवर ओझं आणि त्यात धुकं उतरलेलं. दुकानातल्या लख्ख उजेडात सगळीच मॉडेल छान दिसतात, म्हणून प्रत्येक फीचर बघताना स्वतःला विचारा की हे मला त्या परतीच्या वेळी वापरता येईल का. मी तरी याच एका प्रश्नावर यंत्र निवडतो.

शिकारीबद्दल एक सांगून ठेवतो, जिथे कायदा परवानगी देतो तिथेच, हंगामात आणि परवाना घेऊनच. जीपीएसचा एक मोठा उपयोग तर हाच आहे की आपण हद्दीच्या आत आहोत की बाहेर ते कळतं.

पायरी १ : फोनवर भागतंय का ते बघा

बऱ्याच जणांना वाटतं की रेंज गेली की फोनचा जीपीएस बंद पडतो, तसं नाहीये. फोनसुद्धा सॅटेलाईटचा सिग्नल थेट घेतो, फक्त नकाशा आधी डाउनलोड करून ठेवावा लागतो. अर्ध्या दिवसाची ओळखीची वाट असेल तर फोन पुरतो. अडचण येते ती बॅटरीची, ओल्या बोटांची आणि उन्हात न दिसणाऱ्या स्क्रीनची, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मदतीला फोन करायचं यंत्रही तेच, वाट दाखवायचंही तेच, मग ते एक पाण्यात पडलं की दोन्ही गेलं. रात्री मुक्काम असेल किंवा किनारा दिसेनासा होईल इतकं आत जाणार असाल तर वेगळं यंत्र घ्याच.

पायरी २ : बटणं की टच

यावर माझं मत ठाम आहे, बटणं.

एकदा एका मोठ्या तलावात आम्ही दोन होड्यांवर होतो, सकाळी निघालो तेव्हा स्वच्छ होतं आणि तासाभरात असं धुकं उतरलं की वल्ह्याचं टोक दिसेना. बरोबरच्याकडे माझ्यापेक्षा बराच भारी टचस्क्रीनवाला जीपीएस होता. त्याच्या काचेवर बारीक थेंब जमत होते आणि प्रत्येक थेंबाला स्क्रीन बोट समजत होती, नकाशा आपोआप झूम व्हायचा, बाजूला सरकायचा, तो बाहीने पुसायचा की परत तेच. माझ्याकडचा साधा बटणांचा होता, सकाळी निघताना ट्रॅक रेकॉर्डिंग चालू केलेलं, त्यामुळे स्क्रीनवर आमच्या येण्याची रेघ होती, त्या रेघेवरून हळूहळू मागे आलो आणि तो माझ्या होडीच्या मागे मागे. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो की दुकानात जाड हातमोजा घालून यंत्र हातात घ्या, एका हाताने, आणि नवीन वेपॉइंट, म्हणजे नकाशावर साठवलेली जागेची खूण, मार्क करून बघा. जमलं तर पुढे बोला. दोन्ही हात लागत असतील तर दुसऱ्या हातातली बंदूक किंवा वल्हं कुठे ठेवणार?

टचला एक फायदा आहे, नावं टाइप करणं आणि नकाशा सरकवणं पटकन होतं. पण ते काम घरी बसून करता येतं.

पायरी ३ : बॅटरीचं गणित नीट समजून घ्या

इथे घाई करू नका, कारण जाहिरातीतले तास आणि रानातले तास यात फरक पडतो. मुख्य दोन प्रकार आहेत, एक पेन्सिल सेलवर (एए) चालणारे आणि दुसरे आत चार्जिंगची बॅटरी असलेले. गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या हिशोबाने २५ तास चालतो. त्याच कंपनीचा जीपीएसमॅप ६७ आतल्या बॅटरीवर १८० तासांपर्यंत जातो असं कंपनी सांगते. आकडे बघून दुसराच घ्यावासा वाटतो, आणि आठवडाभराच्या मुक्कामाला तो खरंच चांगला. पण पेन्सिल सेलवाल्याची गोष्ट अशी की सेल संपले तर खिशातून दोन काढायचे, घालायचे, मिनिटभरात यंत्र परत चालू, चार्जर नको, पॉवर बँक नको.

सेल कुठले घालता यानेही खूप फरक पडतो. साधे अल्कलाईन सेल थंडीत लवकर मान टाकतात, थोडा वेळ काखेत गरम केले की परत जरा जीव धरतात पण भरवसा नाही. एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेल उणे ४० अंशापर्यंत काम करतात आणि वजनालाही हलके, कडाक्याच्या थंडीत मी तेच नेतो. चार्ज करता येणारे निकेलवाले सेल रोजच्या वापराला स्वस्त पडतात, पण त्यांचा व्होल्टेज १.२ असतो आणि अल्कलाईनचा १.५, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सेलचा प्रकार निवडायचाच, नाहीतर बॅटरीचा काटा चुकीचा दाखवतो आणि तुम्हाला वाटतं की सेल संपत आले. ही सेटिंग बरेच जण उघडूनसुद्धा बघत नाहीत.

पायरी ४ : सिग्नल पकडायची ताकद

जीपीएसचे सॅटेलाईट साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरतात, सिग्नल निघाल्यापासून आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं, आणि अक्षांश, रेखांश, उंची तिन्ही मिळायला कमीत कमी चार सॅटेलाईट लागतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, एवढं ते नाजूक काम आहे. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, ती बंद झाली म्हणून आज मोकळ्या आकाशाखाली हातातलं यंत्र साधारण ३ ते ५ मीटरच्या आत दाखवतं.

दाट झाडीत आणि अरुंद दरीत मात्र सिग्नल कड्यावर, ओल्या पानांवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपका नाल्याच्या पलीकडे उडी मारतो. म्हणून दोन गोष्टी बघा. पहिली, यंत्र फक्त अमेरिकेचे सॅटेलाईट घेतं की रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओही घेतं. जितके जास्त सॅटेलाईट तितकं झाडीच्या फटीतून काहीतरी सापडतं. दुसरी, मल्टीबँड आहे का, म्हणजे एकाच सॅटेलाईटचे दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल घेतं का, असं यंत्र आपटून आलेला सिग्नल जास्त चांगला ओळखतं. रानात फिरणाऱ्याने मल्टीबँडला जरा जास्त पैसे घालायला हरकत नाही. उघड्या पाण्यावर सगळं आकाश मोकळं असतं, तिथे त्याने फारसं काही बदलत नाही, ते पैसे दुसरीकडे वापरा.

अँटेनाचंही बघा. वर जाड दांडी आलेली दिसते ती बहुतेक क्वाड हेलिक्स, म्हणजे पिळाच्या तारांची अँटेना, तो जीपीएस उभा धरायचा. दांडी नसलेल्या छोट्या यंत्रात सहसा चपटी पॅच अँटेना असते, ते आडवं, आकाशाकडे तोंड करून धरायचं. उलटं धरलं की चांगलं यंत्रही कमी सिग्नल पकडतं आणि लोक दोष यंत्राला देतात.

पायरी ५ : कंपास आणि बॅरोमीटर

स्वस्त मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास नसतो, तिथे दिशा कळते ती चालल्यावरच, उभं राहिलात की बाण कुठेही बघतो. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच, पण कंपास आणि बॅरोमीटर ३२एक्समध्ये आहे, २२एक्समध्ये नाही. शिकाऱ्याला दर दहा पावलांवर थांबून कानोसा घ्यावा लागतो, त्याने कंपासवालाच घ्यावा, आणि तोही तीन अक्षांचा, म्हणजे यंत्र तिरकं धरलं तरी दिशा बरोबर येते. सेल बदलल्यावर कंपास कॅलिब्रेट करायचा, म्हणजे स्क्रीनवर सांगेल तसं यंत्र फिरवून दिशा परत जुळवायची, आणि बंदुकीच्या पोलादापासून लांब धरायचा.

बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो, त्यावरून उंची काढतो, पण मासेमाराला त्याचा दुसराच उपयोग आहे. पाण्यावर असताना आपली उंची बदलत नाही, मग दाबाची रेघ झपाट्याने खाली येताना दिसली तर हवा बिघडतेय, गुंडाळायची वेळ झाली.

पायरी ६ : नकाशे

यंत्राच्या किमतीत लोक नकाशाचा खर्च धरत नाहीत. बऱ्याच यंत्रात आधीपासून असतो तो बेस मॅप, मोठे रस्ते आणि शहरं, रानात त्याचा उपयोग जवळपास शून्य. शिकारीसाठी कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, असलेला टोपो नकाशा लागतो, कारण जनावर खिंडीतून, पाणवठ्याच्या वाटेने जातं आणि ते सगळं कंटूरवरच वाचता येतं. समुद्रावर जाणाऱ्याला मरीन चार्ट लागतो, त्यात खोली, खडक, बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा), दिवे असतात. म्हणून घेण्याआधी विचारा की वेगळे नकाशे टाकता येतात का, मेमरी कार्डला जागा आहे का. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले फुकटचे नकाशे बऱ्याच यंत्रांवर चालतात आणि कित्येक ठिकाणी पायवाटा त्यातच जास्त चांगल्या सापडतात.

एक गैरसमज काढून टाकतो, हातातला जीपीएस पाण्याची खोली मोजत नाही. चार्टवर छापलेली खोली तो दाखवतो एवढंच. खाली आत्ता किती पाणी आणि मासा आहे का हे बघायला सोनारवाला, म्हणजे आवाजाच्या लहरी खाली सोडून बघणारा, फिशफाइंडर लागतो, ते वेगळं यंत्र. मासे आणि शिकारीच्या चांगल्या वेळा दाखवणारं कॅलेंडर बऱ्याच यंत्रात असतं, ते चंद्र-सूर्यावरून हिशोब करतं, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

पायरी ७ : पाण्यात पडलं तर

आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर अर्थ असा की १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडालं तरी आत पाणी जात नाही. पण वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारं नाही, हे लक्षात ठेवा. ईट्रेक्स बुडतो, गार्मिनच्याच जीपीएसमॅप ७९ आणि ८६ सारखी मरीन मॉडेल तरंगतात. होडीवर वापरणार असाल तर तरंगणारंच घ्या, नाहीतर दोरी लावून लाइफजॅकेटला बांधा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड पाण्याने धुवा, सेलच्या झाकणाची रबरी कड पुसा, मिठाचा एक कण तिथे अडकला तरी पुढच्या वेळी पाणी आत जातं.

पायरी ८ : एकटे जात असाल तर

साधा जीपीएस फक्त ऐकतो, तुम्ही कुठे आहात हे तो कुणालाही सांगत नाही! मदत मागायची तर सॅटेलाईट मेसेजवालं मॉडेल लागतं, गार्मिनचं इनरीच इरिडियम कंपनीच्या सॅटेलाईटवरून मेसेज आणि एसओएस पाठवतं. त्याला वेगळं सबस्क्रिप्शन भरावं लागतं आणि काही देशांत असं यंत्र बाळगायला परवानगी लागते, त्यामुळे घेण्याआधी आणि परदेशात नेताना चौकशी करा. एकटं जाणाऱ्याने इथे काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं.

पायरी ९ : घेतल्यावर लगेच काय करायचं

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मोजणीच्या पायावर धरलेत तो, सेटिंगमध्ये डब्ल्यूजीएस ८४ आहे का बघा, आणि हातातला कागदी नकाशा जुना असेल तर त्याचा डेटम कुठला छापलाय तेही बघा, दोन्ही वेगळे असले तर ठिकाण शेकडो मीटरनेसुद्धा सरकतं.

मग कोऑर्डिनेट लिहायची पद्धत. ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की सविस्तर सांगतो. समजा मित्राने खडकाची जागा सांगितली, अक्षांशाची ३०.५ मिनिटं, आणि तुम्ही ती लिहिली ३० मिनिटं ५० सेकंद. खरं म्हणजे अर्धं मिनिट म्हणजे ३० सेकंद, तुमच्याकडे २० सेकंद जास्त गेले. अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटरचा, म्हणजे तुम्ही खडकापासून सहाशे मीटरपेक्षा जास्त लांब गळ टाकून बसणार, आणि रात्री शोधायला येणारे लोकही तेवढेच लांब शोधणार. म्हणून बरोबर जाणाऱ्या सगळ्यांची यंत्रं एकाच पद्धतीवर ठेवा.

शेवटी सराव. ओळखीच्या मैदानात संध्याकाळी जा, निघायच्या जागेवर वेपॉइंट मार्क करा, ट्रॅक चालू करा, अर्धा तास वाट्टेल तसं वळत चाला, मग ट्रॅकबॅक (आलेल्या वाटेनेच मागे नेणारी सोय) लावून फक्त स्क्रीन बघत परत या. दुसऱ्या दिवशी तेच हातमोजे घालून करा, आणि मध्येच सेल काढून नवीन घाला, अंधारात, टॉर्च न लावता, अधिक-उणे बोटांनी चाचपून. हे सगळं न अडखळता जमायला लागलं की लांबच्या ट्रिपला न्या, सुटे सेल आतल्या खिशात अंगाला लागून, आणि कागदी नकाशा व साधा कंपास सॅकमध्ये.