आवडती संख्या जोडावी कशी

आवडती संख्या हवी असेल, तर आधी कोणतीही एक संख्या हाताशी घ्यावी. घराचा क्रमांक, कदंब बसच्या तिकिटावरचा आकडा, दुचाकीच्या पाटीवरचे चार अंक, काहीही चालेल. मी गोव्यात वाढलो असल्यामुळे १९६१ घेतो. मुक्तीचे हे साल आमच्याकडे भाषणांत आणि आजोबांच्या गोष्टींत इतक्या वेळा येते की ती एक संख्याही आहे, याचा विसर पडतो.

पहिले काम अवयव पाडण्याचे, आणि ते कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून करावे. ४४ चा वर्ग १९३६ आणि ४५ चा २०२५, म्हणजे ४४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. २ ने भाग जात नाही, ३ ने जात नाही, ५, ७, ११ यांनीही नाही. असे करत ३१ पर्यंतच्या ११ मूळ संख्या वाया जातात आणि ही संख्या स्वतःच मूळ असावी, असे वाटू लागते. बाराव्या खेपेला ३७ ने भागताच बाकी शून्य उरते आणि भागाकार ५३ येतो. ३७ गुणिले ५३ हे उत्तर असे घाम गाळून मिळवणाऱ्याच्या जितके लक्षात राहते, तितके आयते वाचणाऱ्याच्या राहत नाही, आणि माझ्या मते संख्येचा लळा लागतो तो इथेच.

आजारी गणिती रामानुजन यांना भेटायला गेलेल्या इंग्रज गणिती हार्डी यांनी आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस असल्याचे म्हटले, तेव्हा दोन धन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, असे रामानुजन यांनी सांगितले: १ आणि १२ यांचे घन, तसेच ९ आणि १० यांचे घन. हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगितला जातो. परंतु हे नाते त्यांच्या वहीत त्याआधीच उतरलेले होते. ओळख जुनी होती, म्हणून उत्तर तयार होते.

१९६१ कडे परत येऊ. आता अवयवांना ४ ने भागून बाकी पाहावी. ३७ आणि ५३ या दोघांचीही बाकी १ येते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते: ३७ म्हणजे ६ आणि १ यांच्या वर्गांची, ५३ म्हणजे ७ आणि २ यांच्या वर्गांची. ब्रह्मगुप्ताने ७ व्या शतकात दिलेल्या नियमाने या जोड्या तिरप्या गुणाव्यात. ६ गुणिले ७ म्हणजे ४२. त्यात १ गुणिले २ मिळवले तर ४४, वजा केले तर ४०. ६ गुणिले २ म्हणजे १२. त्यातून १ गुणिले ७ वजा केले तर ५, मिळवले तर १९. म्हणून ४४ आणि ५ यांच्या वर्गांची बेरीज १९६१, आणि ४० व १९ यांच्या वर्गांचीही १९६१.

इथे गोवेकराचे डोळे चमकतील, कारण मुक्तिदिन १९ डिसेंबरचा आणि विधानसभेच्या जागा ४०. मलाही क्षणभर भुरळ पडली, हे कबूल करतो. पण त्यामागे कारण नाही, आणि गणिती योगायोग व कारण यांत काटेकोर फरक करतो. तसेच, मोटारीच्या पाटीवरच्या आकड्यांत लिहिलेले १९६१ उलटे धरले तरी १९६१ च दिसते. हा गुण लिपीचा आहे, देवनागरीत तो उरत नाही. ३७ आणि ५३ मात्र कोणत्याही लिपीत अवयवच राहतात.

तरीही अंकांचे खेळ मी टाकाऊ मानत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेली रीत गणेशचवथीला जमलेल्या मुलांपुढे जरूर करावी. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. १९६१ वरून ८४४२, मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२ (यापुढे चढता क्रम ०२८८ असा धरावा), ८५३२ आणि शेवटी ६१७४. चारही अंक सारखे नसतील, तर ६१७४ गाठायला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. आमच्या सालाने त्या सातही घेतल्या.

आपल्या दुचाकीच्या क्रमांकासाठी १०० च्या आतील २५ मूळ संख्या पुरतात. एकीनेही भाग गेला नाही, तर क्रमांक मूळ आहे. त्याची ४ ने बाकी ३ येत असेल, तर वर्गांच्या जोड्या शोधू नयेत. त्या सापडणार नाहीत.