नाशिकमध्ये नोकरी सांभाळून रोज स्केच करायचंय? मग मोकळा वेळ शोधणं बंद करा

नोकरी करून रोज स्केचिंग कसं जमतं असं बरेच जण विचारतात, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कपाटात एक कोरी करकरीत स्केचबुक असते हे मला माहितीये, कारण त्यांचा पुढचा प्रश्न कायम "पेन कुठला वापरता" हाच असतो. पेनचं नंतर बोलू. आधी वेळेचं बघा. रोज अर्धा तास काढून टेबलाशी बसायचं असं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी नाईट शिफ्ट, आणि संपलं. त्यापेक्षा दिवसभरात आपण जिथे आधीच ताटकळत असतो त्या जागा धरायच्या. मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, मला सकाळी बसची वाट बघायला लागते, लंचनंतर चहाच्या टपरीवर पाच-सात मिनिटं मिळतात, रविवारी मिसळीला वेटिंग असतंच. बास, एवढ्यात होतं. आणि वेटिंगची एक गंमत म्हणजे लोक हलत नाहीत हो, सगळे मोबाईलमध्ये मान घालून उभे, फुकटचे मॉडेल.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना हे सगळ्यात जड जातं असं माझं मत आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, वेळेत पेपर पूर्ण करायचा, पांढरं काही ठेवायचं नाही, हे हातात इतकं बसलेलं असतं की अर्धवट पान सोडून बसमध्ये चढणं म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं. इथे पेपर तपासायला कोणी बसलेलं नाही. नुसता एक खांदा आणि पाठीवरची सॅक आली तरी ते त्या दिवसाचं स्केच, खाली तारीख आणि जागा लिहायची, पुढचं पान.

माणसं काढताना एक करा, एकाच पानावर तीन-चार जणांना सुरुवात करून ठेवा. चहावाला गाळणं धरून वाकला की तो आकार पकडायचा, सरळ झाला की त्याला सोडून गल्ल्याजवळच्या माणसाकडे वळायचं, मिनिटाभरात चहावाला परत तसाच वाकतो, कारण काम तेच असतं. न्हावी, इस्त्रीवाला, रसवंतीवाला, भाजी तोलणारी बाई, सगळ्यांची हालचाल फिरून तिथेच येते. हे कळल्यावर माझी घाई बरीच कमी झाली.

आता घाट. नाशिकमध्ये राहून गोदाघाटावर बसला नाहीत तर काय उपयोग, बुधवारी बाजार असतो तेव्हा तर नक्कीच जा. पण नवीन माणूस तिथे गर्दी बघून गांगरतो, आणि मग मागची माणसं लहान करत करत वर चढवतो किंवा खाली पाडतो, चित्र कलंडतं. यावर एक साधा नियम आहे. क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची. तुम्ही सपाट जागेवर उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण त्याच एका रेषेवर येतात, जवळचा असो नाहीतर पार लांबचा, फरक फक्त पाय किती खाली जातात त्याचा. त्याच सपाटीवर खाली बसलात की रेषा त्यांच्या पोटापाशी येते, जवळच्यांची डोकी रेषेच्या खूप वर आणि लांबच्यांची रेषेकडे उतरत जातात. आणि रामकुंडाजवळ वरच्या पायरीवर बसून खाली बघितलं तर उलट, सगळी डोकी रेषेच्या खाली. पान उघडल्यावर पहिली ही एक रेषा फिकट मारायची आणि मगच गर्दी भरायची. तीनही ठिकाणांहून एकदा करून बघा, गर्दीची भीती निघून जाते.

प्रमाणासाठी तर आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहेच, गोदावरीच्या पात्रातली ती उंच मूर्ती. पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी कुठपर्यंत आलं, गुडघ्याला की कमरेला की गळ्याला, क्युसेक-बिसेक नंतर. स्केचमध्येही तेच करायचं, समोरची एक वस्तू माप म्हणून धरायची आणि बाकी सगळं तिच्याशी लावायचं. नारोशंकराच्या मंदिराची तटाची भिंत म्हणजे खाली उभी असलेली किती माणसं, कोपऱ्यावरची छत्री, म्हणजे तो छोटा घुमटाचा मंडप, त्या भिंतीच्या किती, असं. हे देऊळ १७४७ चं, त्याची मोठी घंटा वसईच्या विजयातली, सगळं खरं, पण पहिल्याच दिवशी शिखरासकट अख्खं देऊळ काढायला जाऊ नका. कोपऱ्यावरची एकच छत्री घ्या. जुन्या नाशिकमधले वाडे पण तसेच, एक खिडकी, तिच्याखालचं लाकडी कोरीव काम, वर लोंबणाऱ्या वायरी. वायरी गाळू नका, त्या असल्या की चित्र आजचं वाटतं. वाडे पटापट पडतायत, तेव्हा त्यांना जरा आधी नंबर द्या.

घाटावर एक पथ्य मात्र पाळा. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया चालू असते, बायका अंघोळ करत असतात. तिथे वही बंद, नाहीतर नजर पुलाकडे, देवळांकडे. भाजीवाल्या मावशींना मात्र बिनधास्त विचारा, त्या वर "माझं नाक नीट काढ रे बाबा" म्हणून ऑर्डर पण देतात. मागे पोरं गोळा झाली तर होऊ द्यायची, दोन मिनिटांत कंटाळून जातात. आणि देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडचं नोट प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, अशा ठिकाणी बाहेर उभं राहून काढत बसू नका, उगाच चौकशा मागे लागतील.

सामान थोडकंच ठेवा. ए५ किंवा त्याहून लहान वही, एका हातात धरता आली पाहिजे कारण बसायला जागा मिळेलच असं नाही. नुसतं पेन-पेन्सिल असेल तर कुठलाही बरा कागद चालतो, वर हलका रंग द्यायचा असेल तर १५०-२०० जीएसएमचा (आकडा जितका मोठा तितका कागद जाड), आणि भरपूर पाणी वापरणार असाल तर ३०० चा. पेन म्हणाल तर साधा बॉलपेन फार चांगला, दाब कमी-जास्त केला की फिकट-गडद रेघ येते. रंग द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ आहे का ते आधी मागच्या पानावर रेघ मारून, वाळू देऊन, ओल्या बोटाने पुसून बघा, बरेच जेलपेन आणि फाउंटन पेनच्या शाया फुटतात. पावसाळ्यात रंग वाळतच नाहीत, तेव्हा पेन्सिल.

प्रवासाचं म्हणाल तर "ट्रिपला गेल्यावर काढू" हे मला पटत नाही. घरी असताना हात चालत नसेल तर ट्रिपमध्ये वही बॅगेच्या तळाशीच राहते, कारण तिथे तर बघायला अजून जास्त असतं आणि बरोबरचे लोक थांबत नाहीत. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाता-येता प्रॅक्टिस करा. सकाळी झोपलेले पॅसेंजर, वर लटकवलेल्या बॅगा. गाडी हलते म्हणून कोपर अंगाला चिकटवून ठेवायचं आणि वही मांडीवर न टेकवता हातात धरायची, धक्के कमी लागतात. बारकं काम गाडी थांबली की. मुंबईहून येताना बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात, कारण थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे, गाडी थांबते ती मिनिटं डोळे-चष्मे-चपलांसाठी. फॅमिलीबरोबर असाल तर जेवणाची ऑर्डर दिल्यावर काढा, त्या वेळात कोणी उठत नाही.

गुगलवर अर्बन स्केचर्स शोधून बघा, गॅब्रिएल कॅम्पानारिओ नावाच्या सिएटलच्या पत्रकाराने २००७ मध्ये ऑनलाइन ग्रुप म्हणून सुरू केलेलं, आज जगभर पसरलंय. त्यांचं मुख्य म्हणणं एवढंच की जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं. फोटोवरून काढणं वाईट नाही, पण जवळचं-लांबचं काय आणि सोडायचं काय हे कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीची सीईटी देणाऱ्यांनी तर हे आजपासूनच सुरू करा, त्यात मेमरी ड्रॉइंगचा पेपर असतो आणि बस स्टँड, बाजार, लग्नाचा मांडव असले विषय क्लासमधल्या ठोकळ्यांवरून येत नाहीत. दिवसा टपरीवर काढलेला माणूस रात्री वही न उघडता परत काढून बघा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. हात कुठे खोटं बोलला ते लगेच दिसतं, बहुतेक वेळा पायांत आणि बसलेल्या माणसाच्या मांडीत. दुसऱ्या दिवशी टपरीवर फक्त मांड्या आणि गुडघे काढायचे, चहावाला विचारेल काय चाललंय, सांगा परीक्षा आहे.