कॉन्ट्रॅक्टर गायब होण्याआधीच या चुका टाळा

घराच्या दुरुस्तीसाठी कॉन्ट्रॅक्टर नेमलाय, तोडफोड उरकली आहे, राडारोडा दारात पडून आहे आणि फोनवर रोज एकच उत्तर मिळतंय, "उद्या सकाळी माणसं येतात." अशा वेळी आपण माणसाच्या स्वभावाला नावं ठेवतो. स्वभाव असतोच, पण हिशोबही तपासून बघा. एकाच वेळी चार कामं घेणारा माणूस मजूर तिकडेच पाठवतो, जिथून पैसे अजून यायचे आहेत. तुमच्याकडचे पैसे कामाच्या पुढे गेले असतील, तर तुमचा नंबर शेवटी लागणार.

पैसे तारखेवर देणं

"दर शनिवारी हप्ता" ही पद्धत पहिली बंद करा. हप्ता टप्प्याला बांधा: पाइपलाइन टाकून तिची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणं) झाली की एक, वॉटरप्रूफिंगची चाचणी पास झाली की दुसरा. मटेरियलसाठी मोठा अॅडव्हान्स मागितला, तर दुकानदाराला थेट पैसे द्या आणि बिल स्वतःच्या नावावर घ्या. साधारण दहा टक्के रक्कम अगदी शेवटपर्यंत हातात ठेवा. दरवाजाचा घासणारा कोपरा, सिंकभोवतीचं सिलिकॉन, पुट्टीचा टचअप असल्या किरकोळ कामांसाठी पूर्ण पैसे मिळालेला माणूस सहसा परत येत नाही.

एका ओळीचं कोटेशन

"बाथरूम नवीन करणे, मजुरी-मटेरियलसह." भांडणं इथूनच सुरू होतात. टाइल्सचा साइज, पाइप कोणता, वॉटरप्रूफिंगचे कोट किती आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत, राडारोडा कोण उचलणार, हे लिहून घ्या. काम चालू असताना तोंडी ठरलेला प्रत्येक बदल त्याच संध्याकाळी रकमेसह मेसेज करून "ओके" मिळवा. नाहीतर शेवटच्या बिलात "एक्स्ट्रा" नावाची लांबलचक यादी येते.

झाकलं जाणारं काम न बघता सोडणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, कारण तिचा पत्ता काही महिन्यांनी लागतो.

वॉटरप्रूफिंग वाळल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, पाणी वाहून जाणाऱ्या जाळीचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये पाणी भरा. पातळीची भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि किमान २४, जमलं तर ४८ तास पाणी तसंच राहू द्या. थोडं पाणी वाफेने कमी होतंच. पण खालच्या छताला ओल दिसली किंवा पातळी चांगलीच उतरली, तर पुढचं काम थांबवा. "मी वीस वर्षं हेच करतोय" हे चाचणीचं उत्तर नव्हे.

भिंतीतले पाइप आणि वायरिंग प्लास्टरखाली जाण्याआधी मेजरिंग टेप धरून फोटो काढा. पुढे भिंतीत ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात. टाइल्स पक्क्या बसल्या की नाण्याने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर खाली टाइल्स चिकटवायचा मसाला नीट भरलेला नाही. त्या टाइल्सवर खडूने फुली मारा.

आणखी एक सापळा आहे. दोन आठवडे न फिरकलेला कॉन्ट्रॅक्टर परत आला की भलताच घाईत असतो, आणि आपणही काम सुरू झालं या आनंदात गप्प बसतो. सिमेंट प्लास्टरवर साधारण सात दिवस पाणी मारावं लागतं आणि त्यानंतर ते वाळायलाही वेळ लागतो. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली की पुढे पोपडे सुटतात. वाया गेलेले दिवस इथून भरून काढू देऊ नका.

काम आधीच अडकलं असेल तर

"थोडे पैसे टाका, लगेच माणसं पाठवतो" याला भुलू नका. झालेल्या कामाचे फोटो आणि मापं घ्या, बाकी कामाची यादी करा आणि ठरावीक तारीख देऊन लेखी कळवा: तोपर्यंत काम सुरू झालं नाही तर दुसऱ्याकडून करून घेऊ आणि हिशोब मापाप्रमाणे होईल. मिस्त्री वेगळा भेटून "मला थेट द्या, मी करतो" म्हणाला, तर कॉन्ट्रॅक्टरची लेखी संमती घ्या, नाहीतर त्याच कामाचे पैसे दोनदा मागितले जातील.

नवा माणूस बहुधा "हे सगळं उखडावं लागेल" म्हणेल. लगेच हो म्हणू नका. आधी त्याच्यासमोर पाणी भरून आणि टाइल्स वाजवून दाखवा, आणि नेमकं काय उखडायचं व का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. जुन्या माणसाला शेवटचा चेक देताना चाव्या, मटेरियलची बिलं आणि वॉरंटी कार्डं ताब्यात घ्यायला विसरू नका.