घर सोडून इंदुरात उतरलीस तर

सरवटे बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे. तोंडाला ओढणी तर इंदुरात सगळ्याच पोरी बांधतात, पण भर अकरा वाजता फुगलेलं दप्तर पाठीवर घेऊन जी चार्जर मागते आणि फोन सुरू होताच परत बंद करते, ती कळते. तू तशी असशील आणि अजून अठराची झाली नसशील, तर हे तुझ्यासाठी. घर का सोडलंस ते मी विचारणार नाही, त्याला कारण असणारच.

दिवस कसाही निघतो. पोहे-जिलेबीची गाडी कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, आणि पैसे नसले तर गुरुद्वाऱ्यात जा. डोकं झाकून पंगतीत बसायचं, लंगरमध्ये कुणी नाव-गाव विचारत नाही. खरा प्रश्न रात्रीचा. पुष्कळ पोरींना वाटतं, सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गर्दी असते, तिथे रात्र काढू. सराफा उशिरापर्यंत जागा असतो हे खरं, पण शेवटची गाडी झाकली की तीच गल्ली सुनसान होते आणि तू एकटी आहेस हे तोवर दोन-चार जणांनी हेरलेलं असतं. स्टेशनवर प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासच चालतं, वेटिंग रूमला प्रवासाचं तिकीट लागतं. म्हणून अंधार पडायच्या आत ठरवायचं.

आता माणसं ओळखायची. तुला धोका दारुड्यापेक्षा गोड बोलणाऱ्याकडून जास्त. ‘बेटा, कहाँ जाना है?’ इथून सुरुवात होते. मग चहा. मग ‘मेरी पहचान में एक काम है, रहना-खाना सब’. मग फोन किंवा आधार कार्ड मागून घेतात, चार्ज करून देते, झेरॉक्स काढून ठेवते म्हणून. या चौथ्या पायरीला उठायचंच. बाई आहे म्हणून विश्वास टाकू नकोस. माझ्या दुकानात एक बाई एका मुलीला ‘भाची आहे’ म्हणून घेऊन आली होती, आधारची झेरॉक्स काढायला. मी मशीनवर कागद ठेवता ठेवता सहज विचारलं, ‘नाम क्या है भांजी का?’ बाई पोरीच्या तोंडाकडे बघायला लागली. मी झेरॉक्स काढलीच नाही, पोरीला काउंटरच्या आत घेतलं आणि फोन लावला.

तो फोन म्हणजे 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. फोन नसेल तर कुठल्याही दुकानदाराकडे माग, शक्यतो बाई बसलेली असेल तिथे. बोलताना आधी जागा सांग, मग वय, मग हे की एकटी आहेस. नाव मागून. घरात कुणाची भीती असेल तर ते पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाक, कारण समोरच्याला पहिलं सुचतं ते वडिलांना फोन करायचं. रेल्वेनं आली असशील तर फलाटावर आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसांकडे जा किंवा रेल्वेची हेल्पलाइन 139 लाव. जीवावरचं काही असेल तर सरळ तातडीच्या मदतीचा 112.

यानंतर काय होतं ते माहीत असलं की पाय लटपटत नाहीत. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुला बालकल्याण समितीपुढे नेतात. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असतेच. कुणी नेण्याची वाट न बघता तू स्वतः चालत गेलीस तरी चालतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही उभं करता येतं. तू गुन्हा केलेला नाहीस, हे डोक्यात पक्कं ठेव. मुलींची राहायची सोय वेगळी असते. तुझ्या घरची चौकशी पंधरा दिवसांत व्हायला हवी, आणि घरी धाडायचं की नाही हे समिती त्यानंतर ठरवते. तुझं म्हणणं तिथे ऐकून घ्यायचंच असतं, म्हणून गप्प बसू नकोस. राहायच्या जागेतलं जेवण, नियम, दाराला कुलूप, हे काही माहेर नव्हे. तरी फलाटापेक्षा शंभरपट बरं.

वयावरून वाद घालतात. शाळेचा दाखला किंवा दहावीची मार्कशीट सगळ्यांत आधी धरतात, ते नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी. मार्कशीटचा फोटो कुणा भरवशाच्या मैत्रिणीला पाठवून ठेव.

कुणी अंगाला हात लावला असेल, घरी किंवा वाटेत, तर तेही सांग. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलीची तपासणी बाई डॉक्टरनंच करायची असते. जबाब घेणारा अधिकारी वर्दीत नसावा आणि रात्री तुला ठाण्यात ठेवता येत नाही. ठाण्यात टोलवाटोलवी झाली तर ‘बाल कल्याण पोलिस अधिकारी कोण?’ एवढं विचार. प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो.

दप्तरात पॅड, पाण्याची बाटली, एक जोड कपडे आणि कागदावर लिहिलेले नंबर ठेव. फोन चोरीला गेला की पाठ नसलेला नंबर कामाचा नाही.

आता दुकानदार मंडळी, रिक्षावाले भिया आणि वेटिंग रूममधल्या काकू, तुमच्याशी बोलते. एकटं सापडलेलं मूल दिसलं की चोवीस तासांत कळवणं कायद्यानं तुमच्यावरही आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड होऊ शकतो. तिला घरी नेऊन ‘समजावून’ परत पाठवायचा उद्योग करू नका. आणि ‘ये बच्ची मिली है’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो तर मुळीच नाही. अशा मुलीची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, आणि ज्याच्या भीतीनं ती पळाली तोही त्याच ग्रुपमध्ये असू शकतो. टाकला असेल तर आत्ता डिलीट करा आणि 1098 लावा.