रेडिएशन शिल्डिंगचं (किरणोत्सर्ग अडवणाऱ्या आडोशाचं गणित करणारं) सॉफ्टवेअर निवडताना आधी हे करून बघा

मायक्रोशील्ड घेऊ का एमसीएनपी (ही दोन्ही अशीच सॉफ्टवेअर), असं विचारण्याआधी एक सोपा प्रॉब्लेम हातानं सोडवा. कोबाल्ट-60 चा 1 गिगाबेकरेल (म्हणजे सेकंदाला 1 अब्ज डिके, अणूंचे ऱ्हास) सोर्स, 1 मीटरवर, मध्ये काहीच नाही, उत्तर साधारण 0.35 मिलिसिव्हर्ट प्रति तास यायला हवं. आता हाच प्रॉब्लेम प्रत्येक टूलमध्ये टाका, आणि जे टूल इथेच गडबडतंय तिथे युनिट नाहीतर डोस कन्व्हर्जन फॅक्टर तपासा, कारण एक टूल एअर कर्मा (हवेत सोडलेली ऊर्जा) देतं, दुसरं इफेक्टिव्ह डोस (माणसाच्या शरीरावरचा एकूण परिणाम), आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाद घालत बसतो.

मग मध्ये 5 सेंमी शिसं ठेवा. मायक्रोशील्ड पॉइंट कर्नल पद्धतीचं (सोर्सचे बिंदू करून प्रत्येकाचा सरळ रेषेतला डोस बेरजेत धरणारं), त्यात बिल्डअप (शिशात विखुरून पलीकडे येणाऱ्या किरणांची भर) बंद ठेवला तर डोस जवळपास निम्माच दिसतो, हे फार धोक्याचं आहे, सेटिंग बघाच बघा.

साध्या भिंती, ड्रम, टाकी, फक्त गॅमा असेल तर पॉइंट कर्नल पुरतं, काही सेकंदात उत्तर मिळतं. पण मेझ (वळणाची वाट), डक्ट (भिंतीतून जाणारी पोकळ नळी), न्यूट्रॉन आलं की मॉन्टे कार्लोच (एकेका कणाचा प्रवास रँडम आकड्यांनी आजमावणारी पद्धत), म्हणजे एमसीएनपी, फ्लुका, फिट्स किंवा जिआंट4 (हे ओपन सोर्स आहे, पण सी प्लस प्लस यायला हवं).

एमसीएनपीचं उत्तर दर सोर्स पार्टिकलमागे येतं, म्हणून ॲक्टिव्हिटीनं (सेकंदाला होणाऱ्या डिकेंनी) गुणा, आणि कोबाल्टचे दर डिकेला 2 फोटॉन धरा. रिलेटिव्ह एरर (उत्तरातली सांख्यिकी अनिश्चितता) 10 टक्क्यांच्या वर असेल तर तो आकडा रिपोर्टमध्ये टाकूच नका, पॉइंट डिटेक्टरला (एकाच बिंदूवर डोस काढणाऱ्या टॅलीला, म्हणजे मोजणीला) तर 5 टक्क्यांच्या आत हवा.