जर्मनीत कोणी गंडवलं तर कुठला शब्द वापरायचा

ऑक्टोबरात विंटर सेमिस्टर सुरू झालं की म्युनिकला मराठी मुलंमुली येतात आणि दिवाळीच्या आसपास त्यातल्या कोणाचा तरी रात्री फोन येतोच, ताई मला टोपी घातली. बारा वर्षं हे बघतेय. फसणं तर आहेच, पण फसल्यावर ते सांगायचं कुठल्या शब्दात हे माहीत नसल्याने पोरं आणखी अडकतात, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे कसं, गंडवलं, चुना लावला, शेंडी लावली, मामा बनवला, रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त घेतले तरी तेच आणि बिल्डरने वीस लाख बुडवले तरी तेच. जर्मनमध्ये तसं नाहीये.

सगळ्यात जड शब्द बेट्रूग. हा फौजदारी गुन्हा आहे, कलम 263, पोलिसात, बँकेत, वकिलासमोर हाच शब्द वापरायचा. आणि म्हणूनच मोबाइलच्या दुकानात बिल चुकलं म्हणून काउंटरवरच्या माणसाला बेट्रूगर म्हणू नका, तो उलट तुमच्यावर तक्रार करू शकतो. शिवाय साध्या गप्पांत "एर हाट मिश बेट्रोगेन", म्हणजे त्याने मला फसवलं, असं म्हटलंत तर समोरची मैत्रीण हेच समजते की नवऱ्याने बाहेर लफडं केलं.

जास्त पैसे उकळले तर म्हणायचं अपत्सोके. आपल्या लुटालुटीच्या जवळचा शब्द. दार मागे ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, रविवारी रात्री कुलूपवाला बोलावला आणि त्याने कायच्या काय रक्कम मागितली, ही अपत्सोके. फोनवरच फेस्टप्राइस म्हणजे ठरलेला भाव विचारून घ्या, आणि दुसरी किल्ली कोणाकडे तरी ठेवाच.

"मी गंडलो" या आपल्या सुरातलं वाक्य म्हणजे "इश बिन ड्राउफ राइनगेफालेन". यात थोडा दोष आपण स्वतःकडे घेतो, मित्रांत छान चालतं. व्यवहारात समोरच्याने चलाखी केली, जुनी गाडी विकताना वगैरे, तर टेबलावरून ओढलं म्हणतात, ऊबर डेन टिश त्सीएन, बव्हेरियात बोटात बोट अडकवून समोरच्याला टेबलापलीकडे खेचायचा खेळ आहे त्यावरून आलंय असं इथले लोक सांगतात. आणि आउफ डेन आर्म नेमेन म्हणजे शब्दशः कडेवर घेणं! अर्थ फक्त चेष्टा करणं. ऑफिसात कोणी हसत असं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका, आपल्यात मिसळून घेतायत. फेरआर्शेन म्हणजे मूर्ख बनवणं, पण तो शिवीच्या अंगाने जाणारा शब्द आहे, ट्राममध्ये रोज कानावर पडेल, पण घरमालकाच्या ईमेलमध्ये चुकूनही नको.

दोन शब्द आणखी. डॉक्टरने विचारलं "हाबेन झी श्विंडल" तर घाबरू नका, श्विंडल म्हणजे फसवेगिरी खरी पण चक्कर येण्यालाही तेच म्हणतात. आणि परीक्षेत टॉयशुंग म्हणजे कॉपी. शेजाऱ्याच्या पेपरात नुसतं डोकावलं तरी टॉयशुंग्सफेरझूख म्हणून नोंद होऊ शकते आणि विषय नापास, हे अगदी मनापासून सांगतेय.

आता मुख्य गोष्ट, घर. मागच्या वर्षी साताऱ्याचा एक मुलगा आला होता, त्याला इंटरनेटवर म्युनिकच्या श्वाबिंग भागात खोली मिळाली, मालक म्हणे स्पेनमध्ये असतो, काउत्सिओन म्हणजे डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल. पैसे गेले, किल्ली आली नाही, लाजेने पोराने आठ दिवस कोणाला सांगितलं नाही. मग मी त्याच्यासोबत पोलिसात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, आनत्साइगे करायची आहे का? त्याने पटकन मोबाइल पुढे करून खोलीची जाहिरातच दाखवली, कारण आनत्साइगे म्हणजे जाहिरात एवढंच तो शिकला होता. पोलिसातल्या तक्रारीलाही आनत्साइगेच म्हणतात. तो फोन धरलेला हात थरथरत होता, त्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं परत हळू विचारलं.

तर लक्षात ठेवा, काउत्सिओन जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटं इतकं, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसत्या भाड्याइतकं, घेता येतं, तेही तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. त्याआधीच, घर न बघता, परदेशी खात्यात सगळे पैसे मागणारा माणूस मालक नसतोच असं धरून चाला. आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवायला, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो देणार का हे आधीच विचारा, इथेच बरेच खोटे मालक गळतात.

आणि पैसे गेलेच तर त्याच तासाला बँकेला फोन, कार्डाची माहिती दिली असेल तर 116 116 वर ते बंद करा, मग पोलिसात जाऊन सरळ म्हणा, "इश वुर्डं बेट्रोगेन, इश मोएश्टं आनत्साइगे एरश्टाटेन", म्हणजे मला फसवलंय, मला तक्रार नोंदवायची आहे. चेष्टेतला शब्द नको, राइनगेफालेनही नको. निघताना आक्टेनत्साइशन म्हणजे तक्रारीचा नंबर लिहून घ्या, बँक पहिल्यांदा तोच मागते.