टीम फाऊल किती झालेत रे?

पहिल्यांदाच बास्केटबॉलची टीम घेऊन निघालेल्यांसाठी लिहितोय, टीम शाळेची असू दे की कॉलेजची. ड्रिबल, ले-अप, झोन, प्रेस हे सगळं तुम्हाला येतंय असं धरूनच चालतो. मला पण येत होतं. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत काय करायचं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी आम्ही धारवाडला एक सेमीफायनल घालवली. परत येताना कित्तूर येईपर्यंत बसमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. तीन वर्षं झाली, अजून जात नाही ते डोक्यातनं.

झालं असं. ३१ सेकंद राहिलेले, आम्ही १ पॉइंटनं मागं, बॉल त्यांच्याकडं. शॉट क्लॉक, म्हणजे ठराविक वेळेत शॉट मारायला लावणारं घड्याळ, नव्हतंच तिथं (आपल्याकडच्या किती ग्राउंडवर असतं सांगा बघू), म्हणजे ते बॉल फिरवत बसले की खेळ खल्लास. फाऊल केला की घड्याळ थांबेल, ते फ्री थ्रो (लाइनवरनं कोणी न अडवता मारायचा शॉट) मारतील आणि मग बॉल आमच्याकडं येईल, म्हणून मी बेंचवरनं ओरडलो, फाऊल कर, फाऊल! पोरानं केला, शिट्टी वाजली, २७ सेकंद, आमची पोरं फ्री थ्रोला उभी राहायला निघाली आणि रेफरी साइडलाइनकडं बोट दाखवतोय. थ्रो-इन, म्हणजे नुसता बाहेरनं बॉल आत टाकायचा! मी त्याच्यावरच ओरडायला लागलो.

चूक माझीच होती. तिसऱ्या क्वार्टरला आमचे ६ फाऊल झालेले, त्यामुळं 'आता कुठलाही फाऊल केला की फ्री थ्रो' हेच डोक्यात बसलेलं. पण क्वार्टर बदलला की टीम फाऊल, म्हणजे सगळ्या पोरांचे मिळून झालेले फाऊल, परत शून्यापासनं मोजतात, आणि चौथ्यात आमचा तोवर एकच होता.

हे जरा सावकाश सांगतो, कारण इथंच सगळे फसतात. एका क्वार्टरमध्ये पहिले ४ टीम फाऊल साधे, समोरचा शॉट मारत नसेल तर त्यांना नुसता थ्रो-इन मिळतो. पाचव्यापासनं २ फ्री थ्रो. आम्ही होतो १ वर. म्हणजे त्यांना लाइनवर न्यायला मला ४ फाऊल करायला लागणार होते. घड्याळ शिट्टीला थांबतं खरं, पण थ्रो-इन झाला, बॉल पकडला, आमचा पोरगा धावत जाऊन त्याला गाठेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात. २७, मग २२, मग १६, मग १०. तेव्हा कुठं फ्री थ्रो. चार फाऊलमध्ये २१ सेकंद मी माझ्या हातानं जाळले, आणि त्यातल्या तिसऱ्या फाऊलला आमच्या गार्डचा, म्हणजे बॉल पुढं आणणाऱ्या पोराचा, स्वतःचा पाचवा फाऊल भरला, पाच झाले की खेळाडू बाहेर. त्यांनी २ मधला १ टाकला, आम्ही २ नं मागं, १० सेकंद, बॉल आणणारा बेंचवर. पुढचं सांगत नाही.

मग करायचं काय? चौथ्या क्वार्टरला ३ मिनिटं राहिली की टीम फाऊल बघायचे. मागं असाल आणि फाऊल १-२ च असतील तर तेव्हापासनंच अंगावर जाऊन डिफेन्स खेळा, होऊ देत फाऊल. शेवटच्या मिनिटात शिरताना ४ वर असलेलं बरं, मग पुढचा एकच फाऊल कामाला येतो. पुढं असाल तर उलटं, शिल्लक फाऊल म्हणजे गल्ल्यातली चिल्लर, त्यांचा शेवटचा अटॅक मोडायला वापरा. पण बॉलवर जाऊन. मागनं जर्सी ओढली की अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा) फाऊल, २ फ्री थ्रो आणि वर बॉल पण त्यांनाच. आणि मॅच ओव्हरटाइमला गेली तर चौथ्या क्वार्टरचीच मोजणी पुढं चालू राहते, तिथं शून्य होत नाही.

मोजायला बेंचवर एक पोरगा वही देऊन बसवा. टीमचे ४ फाऊल भरले की स्कोअररच्या टेबलवर लाल मार्कर लागायला पाहिजे, पण आपल्या टुर्नामेंटांत तो कुठल्या कपाटात असतो देव जाणे. टेबलला विचारायचं तर घड्याळ थांबलेलं असताना, आणि नीट बोलून. टाइमआऊट पण कोच किंवा असिस्टंटनंच टेबलकडं मागायचा, पोरं एनबीए (अमेरिकेतली लीग) बघून रेफरीला हातानं खूण करत बसतात, फीबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात त्याला काडीची किंमत नाही. दुसऱ्या हाफचे ३ असतात, पण शेवटच्या २ मिनिटांत त्यातले २ च घेता येतात.

यूट्यूबवरचे 'क्लच' (शेवटच्या क्षणी मॅच काढणारे) व्हिडिओ बघून टीम तयार होत नाही, स्पष्ट सांगतो. एनबीएवाले पण गंडतात की. २०१८ च्या फायनल्सचा पहिला गेम, १०७-१०७, ४.७ सेकंद, क्लीव्हलँडच्या जे. आर. स्मिथनं रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) घेतला आणि शॉट मारायचा सोडून बॉल बाहेर घेऊन गेला, वेळ संपली, ओव्हरटाइमला हरले. तेव्हा तुमच्या नववीतल्या पोराला स्कोअर आठवला नाही तर त्याला झापू नका.

मला खरं शिकवलं ते कँपातल्या एका रिटायर्ड सुभेदार काकांनी, सर्टिफिकेटवाल्या कोणी नाही. त्यांची आयडिया साधी. कुंद्याच्या (मिठाईच्या) रिकाम्या बॉक्समध्ये चिठ्ठ्या टाकायच्या, '५२ सेकंद, २ नं मागं, बॉल त्यांचा, टीम फाऊल ३, टाइमआऊट १'. प्रॅक्टिस संपताना, पोरं दमलेली असताना एक काढायची आणि तेवढंच खेळायचं. मोबाइलवर गणपतीतला ढोल फुल्ल आवाजात. फ्री थ्रो पण तेव्हाच, धापा टाकत, एकेकाला दोनच. सकाळी ताजेतवाने असताना टाकलेल्या पन्नासाचा काही उपयोग नाही.

आणि शब्द ठरवून घ्या. आमच्यात मराठी, कन्नड, उर्दू सगळी पोरं, घाबरला की प्रत्येकजण घरच्या भाषेत ओरडतो. मी एकदा 'नको, नको' म्हणून बोंबलतोय आणि बैलहोंगलकडचा नवीन पोरगा फाऊल करून माझ्याकडंच बघतोय, 'बेडा' (कन्नडमध्ये 'नको') म्हणायचं ना सर! आता डोक्यावर मूठ म्हणजे फाऊल कर, दोन्ही पंजे उघडे म्हणजे हात लावायचा नाही. एवढंच.

पहिले पंधरा दिवस सगळा गोंधळ होणार, चिठ्ठी वाचून पोरं हसणार, होऊ दे. पावसाळ्यात ग्राउंड ओलं असलं की आम्ही व्हरांड्यात बसून नुसत्या चिठ्ठ्या वाचतो आणि सोडवतो. परवा एकात मी टीम फाऊल लिहायलाच विसरलो होतो, तर सगळ्यात बारक्या पोरानं चिठ्ठी परत माझ्या हातात दिली.